चाक मोकळे करणारा अभियंता : फर्डिनांड पोर्शे

फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल मोटारीचे मागचे चाक काढून आत पाहिले, तर स्प्रिंग म्हणावी अशी कोणतीही वस्तू नजरेस पडत नाही. बैलगाडीच्या कमानीसारखे पाटे नाहीत, की वेटोळे घातलेली जाड तार नाही. गाडीच्या तळाशी एक आडवी लोखंडी नळी दिसते आणि तिच्या टोकापासून मागे चाकाच्या अ‍ॅक्सलपर्यंत गेलेली एक रुंद, चपटी पोलादी पट्टी दिसते. गॅरेजमधली मंडळी या पट्टीला आर्म म्हणतात. खरी स्प्रिंग त्या नळीच्या पोटात असते. ती म्हणजे एक सरळ पोलादी दांडी. तिचे एक टोक गाडीच्या मध्यभागी घट्ट रोवलेले आणि दुसरे या आर्ममध्ये अडकवलेले. चाक दगडावर चढले की आर्म फिरतो, दांडीला पीळ बसतो आणि तो पीळ सुटू पाहतो तसे चाक पुन्हा जमिनीशी टेकते. टॉर्शन बार या नावाने ही रचना मोटारजगतात ओळखली जाते आणि तिच्या मागे फर्डिनांड पोर्शे यांचे नाव आहे.

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील हौशी चालकांनी हीच गाडी वाळवंटात नेली. तिच्या सांगाड्यावर फायबरग्लासची हलकी कवचे चढवली गेली. १९६७ साली मेक्सिकोच्या बाजा द्वीपकल्पावर झालेली पहिली मेक्सिकन १००० ही खडतर शर्यत अशाच एका मेयर्स मँक्स गाडीने २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. पुढे या मंडळींच्या कार्यशाळांत जे फेरफार रूढ झाले, त्यांत मागचे आर्म दोन-तीन इंचांनी लांब बसवणे हा एक प्रमुख फेरफार होता. चारचाकी ड्राइव्ह असलेल्या, रानोमाळ हिंडणाऱ्या गाड्यांचे शौकीन आजही मागच्या आर्मच्या लांबीचा खल करतात तो त्याच कारणासाठी. हिशेब तसा सरळ आहे. आर्म ठरावीक अंशांतून फिरत असेल, तर तो जितका लांब तितका चाकाचा वरखाली प्रवास मोठा. चाक खोल खड्ड्यात उतरूनही जमीन सोडत नाही, आणि जमीन सोडली नाही तरच ते गाडीला पुढे ढकलू शकते.

मात्र लांबीची किंमत मोजावी लागते. आर्म दहा टक्क्यांनी लांबवला, तर तरफेचा जोर वाढून तीच दांडी चाकापाशी सुमारे सतरा टक्के मऊ भासू लागते. गाडीचा मागचा भाग बसतो. मग अधिक जाड दांडी घालावी लागते. चाक मागे सरकल्यामुळे त्याला फिरवणारा दांडा तिरका होतो आणि त्याच्या सांध्यांवर ताण येतो. ब्रेकच्या नळ्या आखूड पडतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या बैठका बदलाव्या लागतात. एक हात लांब करायचा म्हटले तरी साऱ्या शरीराची ठेवण बदलावी लागावी, तसा हा प्रकार आहे.

या जुळणीसाठी बीटलमध्ये एक सुरेख सोय होती. मागच्या दांडीच्या आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतून एक दात पुढे सरकवला की आर्म ९ अंशांनी फिरतो. बाहेरून एक दात उलट सरकवला की तो ८ अंशांहून किंचित अधिक मागे येतो. उरणारा फरक एका अंशाहूनही कमी. एवढ्या बारकाईने गाडीची उंची लावता येत असे, तीही कोणताही वेगळा स्क्रू न ठेवता. स्वस्त गाडीत वस्तू वाढवायची नाही, अक्कल वाढवायची, ही पोर्शे यांच्या कचेरीची शिस्त अशा ठिकाणी दिसते.

ज्या माणसाने चाकाला इतके मोकळे केले, त्याने आपल्या उमेदीची सुरुवात मात्र चाक जड करण्यापासून केली होती.

फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडोर्फ या गावी झाला. तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. आज ते गाव चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स शहराचा भाग आहे. वडील अँटोन हे पत्र्याची कामे करणारे कारागीर. मुलाने दुकान सांभाळावे ही त्यांची अपेक्षा, तर मुलाचे सारे लक्ष विजेकडे. वडिलांच्या नाराजीला न जुमानता त्याने पोरवयातच घरात विजेची उपकरणे खेळवली. १८९३ मध्ये तो व्हिएन्नाला बेला एगर यांच्या विद्युत कारखान्यात दाखल झाला. तिथल्या तंत्र विद्यापीठात रीतसर प्रवेश नसताना तो व्याख्याने ऐकून येत असे. औपचारिक पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे १९१७ मध्ये त्याच व्हिएन्नाच्या विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

लोहनर या जुन्या बग्गी बनवणाऱ्या कंपनीत असताना पोर्शे यांनी विजेची मोटर थेट चाकाच्या हबमध्ये बसवली. साखळी नको, गिअर नकोत, दांडे नकोत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ही लोहनर-पोर्शे गाडी गाजली. त्याच सुमारास एका इंग्रज ग्राहकासाठी त्यांनी चारही चाकांत मोटरी असलेली गाडी तयार केली. चारही चाकांना चालना देणाऱ्या आरंभीच्या मोटारींत तिची गणना होते. तिच्यातील बॅटऱ्यांचेच वजन सुमारे १८०० किलो होते. कल्पना अचाट होती, पण चाकातच मोटर असल्याने चाक अवजड झाले होते, आणि अवजड चाक खडबडीत रस्त्यावर उडते ते लवकर खाली येत नाही. हलके चाक आणि त्याला स्वतंत्र झोका, हे उत्तर सापडायला पोर्शे यांना आणखी तीस वर्षे लागली.

मधल्या काळात त्यांनी जे केले त्याची यादी लांबलचक आहे. १९०६ मध्ये ते ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीचे तांत्रिक प्रमुख झाले. १९१० ची प्रिन्स हाइनरिश शर्यत स्वतःच बनवलेली गाडी स्वतः चालवून त्यांनी जिंकली. पहिल्या महायुद्धात अजस्र तोफा ओढण्यासाठी त्यांनी पेट्रोल इंजिनावर वीज तयार करणारे आणि ती मागच्या जोडगाड्यांच्या चाकांपर्यंत नेणारे वाहन रचले. लष्कराची गरज आणि पोर्शे यांची प्रतिभा यांची गाठ पडली ती तेव्हापासून. १९२३ मध्ये ते स्टुटगार्टला डाइम्लरमध्ये गेले आणि मर्सिडीजच्या सुपरचार्जर लावलेल्या एस आणि एसएसके या दमदार गाड्या तेथे घडल्या. स्वभाव तापट. संचालक मंडळांशी त्यांचे फार काळ कुठेच पटले नाही. त्यांना लहान, स्वस्त गाडी करायची होती आणि मालकांना ती नको होती. डाइम्लर सुटले, ऑस्ट्रियातील श्टायर कंपनीतली नोकरीही जेमतेम टिकली. जागतिक मंदीच्या तोंडावर, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हा नामांकित अभियंता नोकरीवाचून राहिला.

एप्रिल १९३१ मध्ये त्यांनी स्टुटगार्टमध्ये स्वतःची सल्लागार कचेरी उघडली. जावई अँटोन पिएख आणि अडोल्फ रोझेनबर्गर हे तिचे भागीदार. रोझेनबर्गर हे शर्यतीत गाडी चालवणारे यशस्वी चालक आणि व्यवहाराची जाण असलेले गृहस्थ होते. कचेरीच्या पहिल्या खडतर दिवसांत त्यांचा पैसा फार उपयोगी पडला. ते ज्यू होते. ही गोष्ट १९३१ मध्ये कोणाच्या खिजगणतीत नव्हती. चार वर्षांनी तिला सर्वस्वाचे मोल आले.

टॉर्शन बारचा पेटंट अर्ज या कचेरीच्या पहिल्याच वर्षातला, म्हणजे १९३१ चा. तोवर बहुतेक गाड्यांची दोन चाके एका अखंड अ‍ॅक्सलने जोडलेली आणि त्यावर पाट्यांची स्प्रिंग अशी रचना असे. डावे चाक दगडावर चढले की उजवेही तिरके होई. पाटे एकमेकांवर घासत, गंजत, चिखलाने भरत आणि वजनालाही भारी. पोर्शे यांच्या रचनेत प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर स्वतंत्र झुलत होते. पिळाची दांडी बंद नळीत असल्याने तिला चिखल-पाणी लागत नव्हते. पोलादाचे वजन चाकावर न पडता गाडीच्या सांगाड्यावर पडत होते. चाक हलके झाले. पोलादाला पीळ देऊन स्प्रिंगचे काम करून घेण्याची कल्पना पोर्शे यांच्या आधीही माहीत होती. पण ती लहान गाडीच्या तळाखाली आडवी, कमी जागेत आणि कमी खर्चात बसवून दाखवण्याचे श्रेय त्यांच्या कचेरीला द्यावे लागेल. १९३३-३४ मध्ये एनएसयू कंपनीसाठी त्यांनी तयार केलेल्या नमुना गाडीत मागे हवेने थंड होणारे इंजिन आणि टॉर्शन बार दोन्ही होते. ती बाजारात आली नाही. कंपनीजवळ पैसाच नव्हता.

पैसा मिळाला तो हिटलरकडून. लोकांची मोटार ही कल्पना पोर्शे यांच्याइतकीच जुनी होती, आणि ती एकट्या पोर्शे यांचीही नव्हती. चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीचे हान्स लेडविंका यांनी मागच्या इंजिनाच्या, हवेने थंड होणाऱ्या गाड्यांत मोठी मजल मारली होती आणि पोर्शे त्यांच्या कामाकडे बारकाईने पाहत असत. टाट्राचा दावा युद्धानंतर फोक्सवॅगनला पैसे मोजून मिटवावा लागला, ही गोष्ट बोलकी आहे. जून १९३४ मध्ये जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेशी पोर्शे यांचा करार झाला. किंमत ९९० मार्क ठरवण्यात आली; त्या पैशात अशी गाडी होणे नाही हे उद्योगातील सर्वांना दिसत होते. १९३७ मध्ये ३० नमुना गाड्या रात्रंदिवस पळवून त्यांची परीक्षा घेतली गेली. दर आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट चिकटवून गाडीसाठी पैसे साठवणाऱ्या सामान्य जर्मनांची संख्या ३ लाख ३६ हजारांच्या घरात गेली. त्यांतल्या एकालाही युद्ध संपेपर्यंत गाडी मिळाली नाही.

दरम्यान १९३५ मध्ये रोझेनबर्गर यांचा हिस्सा दर्शनी किमतीला विकत घेण्यात आला. त्याच वर्षी त्यांना अटक होऊन छळछावणीत टाकले गेले. तेथून सुटल्यावर ते देश सोडून गेले. पोर्शे यांनी त्यांच्यासाठी काय केले आणि काय करायला हवे होते यावर नंतर बरीच चर्चा झाली. इतके मात्र निश्चित, की भागीदाराला गमावूनही कचेरीचे काम एक दिवस थांबले नाही. पोर्शे १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले. त्यांना राजकारणात रस नव्हता, असे त्यांचे चाहते सांगत आले आहेत. ते खरे मानले तरी राजकारणाला त्यांच्यात पुरेपूर रस होता, आणि त्या रसाची फळे त्यांनी नाकारली नाहीत.

१९३८ मध्ये फालर्सलेबेनजवळ कारखान्याची कोनशिला बसली आणि त्याच वर्षी लष्कराने याच गाडीचे रानात चालणारे रूप मागितले. अटी कडक होत्या. चार सैनिक आणि त्यांचे सामान धरून एकूण भार ९५० किलोंच्या आत हवा, आणि गाडीला पायदळाच्या चालीने, ताशी अवघ्या ४ किलोमीटर वेगाने, न अडखळता चालता यायला हवे. बीटलचा पहिला गिअर त्याच्या दुप्पट वेगाचा होता. शिवाय पोट जमिनीच्या फार जवळ.

येथे मागच्या आर्मचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. गाडी उंच करायची तर आर्म दात्यांवर फिरवून खाली झुकवणे हा सोपा मार्ग होता. पण बीटलच्या मागच्या बाजूला अ्‍ॅक्सलच्या दोन अर्ध्या नळ्या गिअरबॉक्सच्या दोन्ही अंगांना बिजागरीसारख्या जोडलेल्या होत्या. आर्म खाली झुकवले की या नळ्या पक्ष्याच्या मिटत्या पंखांसारख्या खाली वळतात, चाकांचे तळ आत जातात आणि वळणावर मागचा भाग उचलला जाऊन गाडी दगा देऊ शकते. आर्म लांब करून हा दोष जात नाही. झुकाव तोच राहतो. पोर्शे यांच्या अभियंत्यांनी आर्मला हातच लावला नाही. त्यांनी प्रत्येक मागच्या चाकाच्या आत गिअरची एक छोटी पेटी बसवली. अ्‍ॅक्सल वरच्या गिअरला फिरवतो, तो खालच्या गिअरला फिरवतो आणि चाक खालच्या गिअरवर असते. परिणामी अ्‍ॅक्सल आपल्या नैसर्गिक आडव्या स्थितीत राहिला, चाकाचा मध्य त्याच्या खाली गेला, गाडी उंच झाली. आणि त्याच गिअरांनी वेग कमी करून जोर वाढवला, म्हणजे पायदळाच्या चालीची अटही पुरी झाली. एका पेटीने दोन प्रश्न सोडवले. वाहन अभियांत्रिकीतल्या देखण्या उत्तरांत याची गणना करावी असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

फेब्रुवारी १९४० पासून ही गाडी तयार होऊ लागली. तिच्या बादलीसारख्या खोलगट आसनांवरून तिचे नाव क्यूबेलवॅगन पडले. ताकद अवघी २३ अश्वशक्तीच्या आसपास, आणि चालना फक्त मागच्या दोन चाकांना. तरीही जिथे जड लष्करी गाड्या रुतत, तिथून ती निघून जाई. तिचे वजन सुमारे सव्वासातशे किलो होते, इंजिनाचा भार चालणाऱ्या चाकांवरच होता, आणि एक चाक हवेत गेले तरी दुसऱ्याला जोर मिळत राहील असे डिफरन्शियल तिला दिलेले होते. उत्तर आफ्रिकेच्या वाळूत पाण्यावाचून थंड राहणारे इंजिन हे वरदान ठरले. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे ५० हजार गाड्या तयार झाल्या.

चारही चाकांना चालना देणारे भावंड १९४२ मध्ये आले. श्विमवॅगन म्हणजे पोहणारी गाडी. तिचे शरीर होडीसारखे. पुढच्या चाकांची चालना फक्त पहिल्या गिअरमध्ये जोडता येई. मागे तीच गिअरपेटी आणि तेच आर्म. पाण्यात उतरल्यावर मागचा पंखा खाली पाडायचा, तो इंजिनाने फिरे, आणि पुढची चाकेच सुकाणूचे काम करीत. पंख्याने मागे जाता येत नसल्याने गाडीत एक वल्हेही ठेवलेले असे. १४ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि जगात पाण्यावर चालणारी कोणतीही मोटार इतक्या संख्येने बनली नाही, असे मानले जाते. बीटलचे कवच आणि क्यूबेलवॅगनचा तळ एकत्र करून चारचाकी ड्राइव्हची अधिकाऱ्यांची गाडीही थोड्या संख्येने बनवली गेली.

आता या गाड्या कोणी बनवल्या, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

युद्धाच्या काळात फोक्सवॅगन कारखान्यात बहुसंख्य कामगार सक्तीने आणलेले होते. पोलंड आणि सोव्हिएत संघातून धरून आणलेले स्त्री-पुरुष, युद्धकैदी, १९४३ नंतर इटालियन सैनिक आणि छळछावण्यांतले कैदी. युद्धाची सारी वर्षे मिळून त्यांची संख्या सुमारे २० हजारांवर जाते. १९४२ मध्ये कारखान्याच्या आवारातच आर्बाइट्सडोर्फ नावाची छळछावणी काही महिने चालवली गेली; हलक्या धातूंची भट्टी बांधून घेण्यासाठी कैद्यांचे हात हवे होते. रुएन या गावातल्या बालगृहात सक्तीच्या कामगार स्त्रियांची तान्ही मुले ठेवली जात आणि तिथे शेकडो मुले उपासमारीने व रोगराईने मेली. त्याबद्दल कारखान्याच्या डॉक्टरला युद्धानंतर फाशी झाली. पोर्शे हे या कारखान्याच्या व्यवस्थापनात सर्वोच्च पदावर होते आणि मजुरांच्या मागणीसाठी त्यांनी थेट वरिष्ठ नाझी वर्तुळात आपले वजन वापरले होते. १९९६ मध्ये हान्स मोमझेन आणि मानफ्रेड ग्रीगर या इतिहासकारांनी कारखान्याच्या युद्धकाळावर प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथानंतर याविषयी शंकेला जागा उरली नाही.

पोर्शे क्रूर होते असे कोणी म्हणत नाही. बहुधा हेच अधिक अस्वस्थ करणारे आहे. चाकाच्या आर्मचा एक अंश चुकला तर रागाने लाल होणारा हा माणूस, तो आर्म कोणाच्या हातांनी तयार होतो याकडे पाहत नव्हता. किंवा पाहत होता आणि त्याला ती केवळ मनुष्यबळाची अडचण वाटत होती.

याच वर्षांत त्यांची लष्करी कामे अधिकाधिक अवाढव्य होत गेली. रणगाड्यासाठीही त्यांनी पीळ खाणाऱ्या दांड्या आणि पेट्रोल-विजेची जोडगोळी वापरली. टायगर रणगाड्याच्या स्पर्धेत ते हरले, पण त्यांच्या भरवशावर आधीच तयार झालेले सुमारे नव्वद सांगाडे पडून होते. त्यांचीच रणगाडाभेदी वाहने झाली आणि त्यांना पोर्शे यांचे फर्डिनांड हे नाव मिळाले. १९४३ च्या उन्हाळ्यात कुर्स्कच्या लढाईत ती उतरली. त्यानंतर १८८ टनांचा माउस. नाव उंदराचे आणि वजन असे की सामान्य पुलावरून ते नेण्याची सोय नाही. नऊशे किलोंत गाडी बसवणाऱ्या अभियंत्याने हे काढावे, यात शासनकर्त्याच्या हट्टाचा भाग मोठा होता. पण हट्टाला रेखाटनांची जोड कोणीतरी दिली होतीच.

१९४४ मध्ये बॉम्बवर्षावामुळे कचेरी ऑस्ट्रियातील ग्म्युंड या डोंगराळ गावात, एका जुन्या लाकूड गिरणीत हलली. युद्ध संपले आणि १९४५ च्या अखेरीस फ्रेंचांनी पोर्शे यांना बोलणी करण्याच्या निमित्ताने बाडेन-बाडेनला बोलावून अटक केली. वय सत्तर. फ्रेंच मजुरांच्या सक्तीच्या भरतीचा आरोप त्यांच्यावर होता. काही काळ पॅरिसमध्ये रेनॉच्या लहान गाडीविषयी त्यांचा सल्ला घेतला गेला, मग डिजाँच्या तुरुंगात रवानगी झाली. थंडी आणि निकृष्ट अन्न यांनी प्रकृती कायमची ढासळली.

सुटकेसाठी दहा लाख फ्रँकचा जामीन लागणार होता. मुलगा फेरी हा काही महिन्यांतच तुरुंगातून सुटला होता. त्याने इटलीतल्या चिसितालिया कंपनीसाठी शर्यतीच्या गाडीचे काम घेतले आणि त्या कामाच्या पैशातून वडिलांची सुटका झाली. ऑगस्ट १९४७ मध्ये पोर्शे घरी परतले. फ्रेंच न्यायालयाने पुढे त्यांना निर्दोष ठरवले. सक्तीच्या श्रमांच्या मोठ्या प्रश्नावर मात्र त्यांना जर्मन न्यायासनासमोर कधी उभे राहावे लागले नाही. ज्या गाडीने त्यांना सोडवले तिच्यातही हवी तेव्हा चारही चाकांना चालना जोडता येत होती. घरी आल्यावर ग्म्युंडच्या गिरणीत त्यांनी तिचे आराखडे पाहिले. तोवर कचेरीची सूत्रे फेरीकडे गेली होती. १९४८ मध्ये बीटलचेच टॉर्शन बार आणि आर्म घेऊन त्याने पोर्शे नावाची पहिली गाडी केली. वडिलांना ती आवडली.

ब्रिटिश लष्कराने उद्ध्वस्त फोक्सवॅगन कारखाना पुन्हा सुरू केला होता. प्रत्येक बीटलमागे पोर्शे यांच्या कचेरीला रॉयल्टी मिळू लागली. १९५० च्या अखेरीस वृद्ध पोर्शे वोल्फ्सबर्गला कारखाना पाहायला गेले, तेव्हा रस्त्यांवरून त्यांची गाडी सर्रास पळत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्टमध्ये त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रियातील त्सेल आम से येथे कुटुंबाच्या शेतावरील छोट्या चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले.

बीटलचे उत्पादन त्यांच्या पश्चात पन्नासहून अधिक वर्षे चालले. मेक्सिकोतील पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची गाडी बाहेर पडली तेव्हा एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या वर गेला होता. २००९ मध्ये पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पण तोवर कंपनीच्या गाड्यांची इंजिने कधीच पुढे गेली होती.

क्यूबेलवॅगनच्या चाकातली ती गिअरपेटी मात्र युद्धानंतरही कामास येत राहिली. १९५० मध्ये आलेल्या फोक्सवॅगनच्या प्रसिद्ध मालवाहू व्हॅनला डोंगर चढण्यासाठी तीच दिली गेली आणि १९६७ पर्यंत ती टिकली. पश्चिम जर्मनीच्या सैन्यासाठी १९६८ नंतर बनलेल्या टाइप १८१ या उघड्या गाडीतही सुरुवातीला तीच होती. १९७३ मध्ये ती काढून टाकली गेली आणि तिच्या जागी तिरके आर्म व दोन सांध्यांचे अ‍ॅक्सल आले. मिटत्या पंखांचा जुना दोष त्यामुळे गेला. १९७८ मध्ये त्याच सैन्यासाठी चारचाकी ड्राइव्हची इल्टिस तयार झाली. तिच्याखाली टॉर्शन बार नव्हते. स्प्रिंग म्हणून तिला आडवे पाटे बसवलेले होते.